बिचारी? नॉव्हलिन?

'द होल वाइड वर्ल्ड' या सिनेमात आईवेडा लेखक रॉबर्ट हॉवर्ड आणि त्याच्यामागे झुरणारी बिचारी मास्तरीण नॉव्हलिन, एवढंच आहे असं काहींचं म्हणणं आहे. आईबद्दलचं मान्य. क्षयाने खंगलेली आई आता शुद्धीवर येणार नाही हे कळलं आणि ११ जून १९३६ ला रॉबर्ट हॉवर्डने जीव दिला. वय अवघं ३०. पण नॉव्हलिनला बिचारी म्हणणं काही पटलं नाही. तिला स्वतःलाच लेखिका व्हायचं होतं. लोक कसे बोलतात ते डायरीत टिपून ठेवणं हा तिचा रियाज होता. त्या नोंदींवरून तिने १९८६ साली, पंचाहत्तरी उलटल्यावर, हॉवर्डवर पुस्तक काढलं. सिनेमाचा पटकथाकार मायकेल स्कॉट मायर्स तर तिचाच विद्यार्थी! बॉबचं, म्हणजे हॉवर्डचं, ते तावातावाने बोलणं इतकं खरं वाटतं ते उगाच नाही.

आणखी एक, पैशाचं कुणीच बोललं नाही. हॉवर्डच्या कॉनन या रानटी योद्ध्याच्या कथा छापणारं 'वियर्ड टेल्स' मासिक मानधन द्यायचं ते कथा छापून आल्यावर, तेही रखडवून. मे १९३५ मध्ये त्याने संपादकाला लिहिलं होतं की आठशे डॉलरच्या वर येणं बाकी आहे. ऐन मंदीतले आठशे डॉलर, आणि घरात आईचं औषधपाणी! नुसतं प्रेम फसलं म्हणून माणूस खचला, असं मला तरी वाटत नाही. बाकी हॉवर्डच्या भूमिकेत व्हिन्सेंट डिऑनोफ्रिओ मात्र अफाट.