मदत हवी आहे: सूक्ष्म शैवाल बाटलीतून मोठ्या तलावात न्यायचं आहे

क्लोरेला (एकपेशीय हिरवं शैवाल) बाटल्यांमध्ये मस्त वाढतेय. आता ती उघड्या रेसवे तलावात (उथळ, लांबट गोल वाटेने पाणी फिरत राहणारा तलाव) न्यायची आहे; तेल इंधनासाठी आणि उरलेला प्रथिनांचा चोथा खाद्यासाठी.

खरा घोर काढणीचा आहे. अशा तलावात लिटरमागे साधारण अर्धा ग्रॅम सुकं शैवाल धरलं, तरी एका किलोसाठी २००० लिटर पाणी हाताळावं लागतं. पेशी इतक्या बारीक की कापडातून सरळ निघून जातात. सगळं पाणी सेंट्रिफ्यूजमधून (वेगाने फिरवून घन भाग वेगळा करणारं यंत्र) काढायचं तर विजेपायी इंधनाचा हिशेबच कोलमडतो. तुरटीने शैवाल तळाशी बसतं, पण ॲल्युमिनियम त्यातच उरतं; मग ते खाऊ कसं घालणार? कायटोसान (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारा पदार्थ) वापरून किंवा पीएच वाढवून कोणी मोठ्या प्रमाणावर शैवाल बसवलं आहे का? वरचं पाणी पुन्हा वापरता आलं का?

शैवालाला नायट्रोजन देणं बंद केलं की तेल वाढतं, पण वाढ मंदावते. त्यासाठी वेगळी टाकी ठेवावी का?

आणि रोटिफर (शैवाल खाणारे सूक्ष्म प्राणी) शिरले तर काय करता? स्पिरुलिनाला (धाग्यांसारखं वाढणारं निळं-हिरवं शैवाल) जास्त पीएचचं संरक्षण असतं, तिचे धागे कापडावर अडकतातही, पण तिच्यात तेल कमी. प्रत्यक्ष तलाव चालवणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहा.