मदत हवी आहे : गाडीचा पिवळा लाईट जात नाही, शनिवारी कोकणात निघायचंय

कृष्णाकाठ (धागाकर्ता), सोमवार रात्री ९:५२

गाडीचा पिवळा लाईट लागलाय तो काही केल्या जात नाही. शनिवारी गणपतीला कऱ्हाडहून देवगडला जायचंय, सहा माणसं, त्यात आजी. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच "इंजिन खोलावं लागंल, सत्तर हजार धरून चला" म्हणून सांगितलं. बायको म्हणते भाड्याची गाडी करू. बाबा म्हणतात टोयोटा आहे, तिला काही होत नाही. माझं मत, गिऱ्हाईक आहे तोवर विकून मोकळं व्हावं. अनुभवींनी लवकर सांगा. नवीन कुठली घ्यावी हे कृपया सांगू नका, ते नंतर बघू.

घाटरस्ता, ९:५८

कुठलं मॉडेल? कुठल्या सालचं? डिझेल की पेट्रोल? किती चाललीय? आणि पिवळा लाईट म्हणजे नेमका कुठला? डॅशबोर्डवर पिवळे पाच-सहा तरी असतात. फोटो टाका.

कृष्णाकाठ, १०:०४

टोयोटा लिहिलंय की वर. घरात सहा माणसं म्हटल्यावर इनोव्हाच असणार ना. इंजिनचा लाईट आहे.

डिझेलवाले नाना, १०:१५

मग डिझेल फिल्टरमध्ये पाणी साचलंय, दुसरं काही नाही. पावसाळ्यात होतंच. फिल्टरच्या बुडाला ड्रेन असतो तो सैल करा, पाणी जाऊ द्या, शुद्ध डिझेल यायला लागलं की बंद करा. दहा मिनिटांचं काम. त्याला सत्तर हजार मागतोय, त्याच्या पाया पडलं पाहिजे.

अवांतर : मी २००१ साली टोयोटाचीच क्वालिस घेतली तेव्हा सगळे हसले होते. "नाना, हे काय खोकं आणलंत?" दिसायला खोकंच होती, इंडोनेशियातल्या किजांग गाडीचा जुना सांगाडा. २००० च्या जानेवारीत आली तेव्हा पेपरवाल्यांनीही नाकं मुरडली होती. पण ट्रॅक्समध्ये मागे आडव्या बाकावर बसून पंढरपूर करून आलेल्या माणसाला विचारा, पुढे तोंड करून बसायला मिळणं आणि एसीचा गार वारा मागच्या सीटपर्यंत येणं म्हणजे काय असतं ते. मी ती टुरिस्टला चालवली. चार लाख ऐंशी हजार किलोमीटर. क्लच तीनदा, सस्पेन्शनची रबरं किती वेळा ते मोजलं नाही. इंजिनाचं हेड उघडलं नाही.

घाटरस्ता, १०:२१

नाना, पाण्याचा दिवा वेगळा असतो. तो इंजिनाच्या चित्राचा नसतो. धागाकर्त्याने अजून साल सांगितलेलं नाही. पेट्रोल इनोव्हा असेल तर तुमचा ड्रेन शोधायला बिचारा रात्रभर गाडीखाली झोपेल.

डिझेलवाले नाना, १०:२४

कऱ्हाड भागात पेट्रोल इनोव्हा कोण घेतो हो?

शून्य धूर, १०:४०

२.५ लिटरचं जुनं डिझेल इंजिन, आणि त्यावर एवढी चर्चा! मी दोन वर्षं इलेक्ट्रिक चालवतोय. तेल नाही, फिल्टर नाही, बेल्ट नाही. घरी सॉकेट आहे का?

कृष्णाकाठ, १०:४२

नवीन कुठली घ्यावी हे विचारलेलं नाही.

बंड्या बे एरिया, रात्री ११:१०

(इकडे सकाळ आहे.) शून्य धूर, मी अमेरिकेत फ्रीमाँटला राहतो. तुमच्या लाडक्या टेस्लाचा इथला कारखाना आहे ना, ती इमारत १९८४ ते २०१० टोयोटा आणि जनरल मोटर्सची भागीदारीतली होती. त्याआधी जनरल मोटर्सचा तोच कारखाना इतका वाया गेलेला की बंद केला होता. टोयोटाने बरेचसे तेच कामगार परत घेतले, लाईनवर दोरी लावली, आणि सांगितलं, काही चुकतंय असं दिसलं की कुणीही ओढून लाईन थांबवा. त्याच लाईनवर कोरोला निघायच्या. माझी कोरोला आठव्या हाताची असेल, दर थंडीत पहिल्या सेल्फला सुरू होते.

आणि कुणाला वाटत असेल की हे जपानी लोक पहिल्यापासून हुशार, तर १९५७ मध्ये ते टोयोपेट क्राउन घेऊन इथे आले तेव्हा इथल्या हायवेवर तिचा पार दम निघाला होता. वेग धरला की गरम व्हायची, थरथरायची. दोन-तीन वर्षांत गुपचूप मागे घेतली. १९६५ मध्ये कोरोना नावाची गाडी घेऊन परत आले, कोरोला १९६६ मध्ये आधी घरी काढली आणि मग इथे आणली.

खडूस, ११:२५

आता आरती सुरू करा. टोयोटाची गाडी बंद पडत नाही, टोयोटाचा मालक बोलायचं थांबत नाही. २००९-१० ला ॲक्सिलरेटर पेडल आणि मॅट अडकण्यावरून लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष आकियो टोयोडा स्वतः अमेरिकन काँग्रेससमोर जाऊन माफी मागून आले. २०२४ च्या जानेवारीत डिझेल इंजिनांच्या ताकदीच्या चाचणीत गडबड निघाली, आपल्याकडे इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर, हायलक्स या गाड्या पाठवणं काही दिवस थांबलं होतं. आणि ग्लान्झा म्हणजे काय? मारुतीच्या बलेनोला दुसरी बिंदी.

डिझेलवाले नाना, ११:३१

चुकलं तर परत बोलावतात. काही कंपन्या तर "सगळ्याच गाड्यांना असा आवाज येतो" म्हणून घरी पाठवतात. नाव घेत नाही, तीन वर्षं मी तो आवाज ऐकलाय.

मागवाला, मंगळवार सकाळी ६:५०

इचलकरंजीचा आहे, म्हणून राहवत नाही. अवांतर आहे, ज्याला नको त्याने खाली जावे.

टोयोटा ही मुळात मागवाल्यांची कंपनी. साकिची टोयोडा हा सुताराचा पोरगा, आईला हातमागावर राबताना बघून मागाच्या नादी लागला. त्याच्या मागात उभा धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. ज्याने माग चालवलाय त्यालाच याची किंमत कळेल. आमच्याकडे जुन्या साध्या मागावर धागा तुटला आणि कामगार चहाला गेला असला, तर हातभर कापड रेषेसह विणून तयार. व्यापारी ती रेष नखाने दाखवून भाव पाडतो. म्हणजे खराब माल बनवत राहण्यापेक्षा थांबणं स्वस्त. वरती बंड्या यांनी सांगितलेली दोरी हीच, फक्त धाग्याऐवजी माणूस माग थांबवतो.

१९२४ चा त्यांचा जी टाइप माग इतका चांगला निघाला की १९२९ ला इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने त्याचे हक्क एक लाख पौंडांना घेतले. ओल्डहॅमचे प्लॅट, ज्यांचे माग जगभर जायचे, त्यांनी जपानकडून माग घ्यावा! पोरगा किइचिरो, त्याला मोटारींचं वेड. १९३३ ला मागाच्या कारखान्यातच मोटार विभाग काढला, १९३६ ला पहिली मोटार, १९३७ ला वेगळी कंपनी. नाव टोयोडाचं टोयोटा केलं, कारण जपानी लिपीत ते आठ फटकाऱ्यांत लिहून होतं आणि आठ हा त्यांच्याकडे शुभ आकडा. टोयोडा म्हणजे पिकाने भरलेलं भातखाचर. मोटारीला शेताचं नाव नको असंही असेल.

१९५० ला कंपनी बुडायला आली होती. संप झाला, हजारावर माणसं काढावी लागली, त्याची जबाबदारी घेऊन किइचिरो पायउतार झाला. त्याच सुमारास कोरियात लढाई लागली, अमेरिकन लष्कराने ट्रक मागवले आणि कंपनी तरली. हे ऐकायला तो फार काळ राहिला नाही, १९५२ ला गेला.

आपल्याकडे यांचा भागीदार किर्लोस्कर, ज्यांच्या पूर्वजांनी १९१० ला आमच्या शेजारच्या किर्लोस्करवाडीला नांगर बनवायला सुरुवात केली. मोटारीसाठी १९९७ ला हातमिळवणी झाली, पण त्याआधी दोघांनी एकत्र बंगळूरजवळ काढला तो कारखाना सूतगिरणीच्या यंत्रांचा. नांगरवाले आणि मागवाले. बिडकीनला कारखाना काढायचा करार २०२४ ला झालाय, बघू.

खडूस, ७:१५

काका, तो विचारतोय लाईट का लागला.

मागवाला, ७:२२

तेच सांगतोय. त्यांच्या कारखान्यात ओनो म्हणून होते, ते कुठल्याही बिघाडाला पाच वेळा 'का' विचारायला लावायचे. इथे घाटरस्ता तेच करतायत आणि धागाकर्ता चिडतोय.

ॲड. सुनीता, १०:०५

कृष्णाकाठ, विकण्याआधी आरसी बुक काढून तारीख बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे आरटीओत तपासणी होऊन ५ वर्षांसाठी वाढते, पर्यावरण कर वेगळा. दिल्लीतला डिझेलचा १० वर्षांचा नियम महाराष्ट्राला नाही, पण तो सांगून भाव पाडणारे दलाल भेटतील. घाबरू नका. (लाईटबद्दल मला काही कळत नाही.)

कृष्णाकाठ, दुपारी १:३०

सगळ्यांचे आभार पण माझा प्रश्न तसाच आहे. २०११ चं मॉडेल, डिझेल. फोटो टाकलाय. चालते व्यवस्थित, आवाज नाही, धूर नाही, ॲव्हरेजही तेच. म्हणूनच कळत नाही.

घाटरस्ता, १:३८

अहो! हा इंजिनचा लाईट नाहीच. त्यावर 'टी-बेल्ट' लिहिलंय. कालच फोटो टाकला असता तर नानांचं फिल्टर आणि माझी झोप दोन्ही वाचलं असतं.

हा दिवा काही बिघडलं म्हणून लागत नाही. त्याच्या मागे कुठला सेन्सर नाही. तो नुसता किलोमीटर मोजतो आणि ठरलेला आकडा भरला की पेटतो : टायमिंग बेल्ट बदलायची वेळ झाली. फोटोत ओडोमीटर ३,००,०४६ दिसतोय. तीन लाखाला टेकली आणि दिवा लागला, हा योगायोग नाही.

पण म्हणून दुर्लक्ष करू नका. हा रबरी पट्टा व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवतो. चालत्या गाडीत तुटला तर पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हला धडकतात, तेव्हा मात्र तुमचा गॅरेजवाला म्हणाला तसं इंजिन खोलावं लागतं. पट्टा, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि वळवणारा आयडलर एकदमच बदलतात, चांगल्या माणसाचं एका दिवसाचं काम. पेट्रोल इनोव्हाला आणि पुढच्या क्रिस्टाच्या डिझेलला चेन आहे, हा पट्टाच नाही, म्हणून मी पहिल्याच फटक्यात विचारलं होतं.

मागे कधी बदललाय? बिल शोधा.

शून्य धूर, १:४५

म्हटलं होतं ना, बेल्ट नाही.

डिझेलवाले नाना, १:५०

घाटरस्ता बरोबर सांगतायत. क्वालिसलाही पट्टाच होता. मी तरी सांगत होतो, इंजिनात काही नाही.

घाटरस्ता, १:५२

नाना, तुम्ही पाणी काढायला सांगत होता.

कृष्णाकाठ, २:१०

बिल कुठे ठेवलं असेल कुणास ठाऊक. बाबांनी मागे काही केलं असेल असं वाटत नाही. सरळ बदलून टाकू का? शुक्रवारच्या आत करून देणारा कऱ्हाडमध्ये कोण आहे?

ॲड. सुनीता, २:१४

बाबांना विचारलंत का?

कृष्णाकाठ, २:१६

ते टोयोटाला काही होत नाही एवढंच म्हणतात. गाडीचा विषय काढला की आमचं भांडण होतं.

ॲड. सुनीता, २:१७

विचारा.

कृष्णाकाठ, रात्री ८:४०

विचारलं. एक शब्द न बोलता उठले, गाडीच्या पुढच्या कप्प्यातून वही आणली. शंभर पानी, शाळेतली, पुठ्ठ्याला डिझेलचा वास. २०११ पासून भरलेलं प्रत्येक डिझेल त्यात आहे, तारीख, लिटर, आकडा. जानेवारीतलं पान उघडून माझ्यापुढे धरलं. जसंच्या तसं लिहितो :

"ता. ११. टायमिंग बेल्ट, टेन्शनर, आयडलर नवीन. कि.मी. २,८८,४१०. थोडा लवकर बदलला, उन्हाळ्यात अक्कलकोटला जायचे आहे. दिवा रीसेट राहिला, मेकॅनिक गावी गेला."

खाली खडू-रंगाच्या पेन्सिलीत माझ्या मुलीने गाडी काढलीय. पानाला बिल टाचलेलंही आहे. मी म्हटलं, मग काल सांगितलं का नाही? म्हणे, तू लाईट कुठला लागलाय ते कुठे सांगितलंस, तू गाडी विकायचं बोलत होतास.

घाटरस्ता, ८:४७

मग झालं. पट्टा नवा आहे, मीटरला ते माहीत नाही, त्याने आपला जुना हिशोब पुरा केला. रीसेट ओडोमीटरच्या बटणानेच होतो, बटण कधी दाबून धरायचं आणि चावी कधी फिरवायची तो क्रम गाडीच्या पुस्तकात असतो, तोच पाळा. तरी जाण्याआधी कव्हर काढून पट्टा एकदा डोळ्यांनी बघून घ्या, बिलावर विसंबू नका. कूलंट, ब्रेक ऑइल आणि स्टेपनीची हवा बघा. सहा माणसं आणि मागे गणपतीचं सामान, फोंडा घाट उतरताना न्यूट्रल टाकू नका, गिअरवरच उतरवा. सत्तर हजारवाल्याकडे परत जाऊ नका.

खडूस, ८:५५

मानलं. गाडीला नाही, बाबांना.

डिझेलवाले नाना, ९:०२

त्या वहीसकट विकली तर दहा-वीस हजार जास्त येतील. पण विकू नका.

बंड्या बे एरिया, ९:३०

तुमच्याकडे ओडोमीटर किती आकडी आहे? इथे एकाचं मीटर २,९९,९९९ मैलांवर थांबलं म्हणे, गाडी पुढे चालूच.

कृष्णाकाठ, बुधवार सकाळी ११:२०

लाईट गेला. बाबांनीच घालवला, पुस्तक मांडीवर घेऊन, तिसऱ्या प्रयत्नात. कव्हर काढून पट्टाही बघितला, नवा आहे. वहीत नोंद झाली आहे. शनिवारी पहाटे निघतोय, पहिल्या टप्प्याला गाडी ते चालवणार असं ठरवून टाकलंय त्यांनी. फोंडा घाटात सध्या रस्ता कसा आहे? की गगनबावड्याने जावं?

मागवाला, ११:४१

गगनबावडा. फोंड्याच्या रस्त्याला राधानगरीच्या बाजूला खड्डे आहेत असं पाहुणे म्हणत होते.

डिझेलवाले नाना, ११:४३

अजिबात नको. फोंड्यानेच जा, मी तीस वर्षं त्याच घाटाने जातोय.