मदत हवी आहे: जवानांना इंग्रजी कसं शिकवू?

नमस्कार मंडळी. मी वास्कोत दहावी-बारावीच्या शिकवण्या घेते. ओळखीतून आता चार जवान संध्याकाळी येतात; शांतिसेनेत जाण्याआधी इंग्रजी पक्कं करायचंय त्यांना. व्याकरण ठीक चाललंय. अडतं ते रेडिओवरच्या बोलण्यात.

परवा मी सवयीनं म्हटलं, ‘रिपीट प्लीज.’ एकजण हसला, ‘मॅडम, तोफखान्यात रिपीट म्हणजे तोच मारा पुन्हा! आम्ही ‘से अगेन’ म्हणतो.’ आली का पंचाईत! शिवाय थ्रीचं ‘ट्री’, नाइनचं ‘नाइनर’. वर्गात मी नेमके हेच उच्चार खोडून काढते.

दोन्ही एकदम शिकवावं की आधी साधं बोलणं? कुणी माजी सैनिक सरावाचे संवाद सुचवेल का? गोपनीय काही नको हं.