मुलांना शूला जळजळ: आधी नमुना, मग औषध (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

ए-२०४: मुलगी साडेपाच वर्षांची. सकाळपासून दर दहा मिनिटांनी शूला जाते, थेंबभर होते आणि जळजळ होते म्हणून रडते. ताप नाही. मागच्या वेळच्या अँटिबायोटिकची अर्धी बाटली फ्रिजमध्ये आहे. सुरू करू का?

सी-५०३ (बालरोगतज्ज्ञ): नको ताई. पाणी घालून तयार केलेलं सिरप औषधानुसार साधारण ७ ते १४ दिवसच टिकतं, त्यामुळे ती बाटली बाद. दुसरं म्हणजे एक-दोन डोस पोटात गेले की कल्चरमध्ये (लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायची तपासणी) जंतू उगवत नाहीत. मग कुठला जंतू आणि त्याला कुठलं औषध लागू पडतं, ते कळायची वाटच बंद होते. आधी लघवीचा नमुना द्या, मग डॉक्टरांना दाखवून औषध. नमुना दिल्यावर रिपोर्टसाठी थांबावं लागत नाही, औषध लगेच सुरू करता येतं.

बी-१०१ (लॅब): नमुन्यासाठी लॅबमधून निर्जंतुक डबी आणा, घरातली धुतलेली बाटली चालत नाही. शूची जागा साध्या पाण्याने धुवा, अँटिसेप्टिक लावू नका. मुलीला मांड्या फाकवून बसवा. पहिली धार जाऊ द्या, मधली डबीत धरा. १०-१५ मिली पुरते. झाकणाला आतून बोट लागू देऊ नका. तासाभरात लॅबमध्ये पोचवा. जमणार नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, पण फ्रीझरमध्ये नाही. बाहेर ओट्यावर राहिली तर दोन-चार जंतूंचे हजारो होतात आणि रिपोर्ट उगाच पॉझिटिव्ह येतो. कल्चरला दोन-तीन दिवस धरा.

ए-४०२: आमचं बाळ ८ महिन्यांचं आहे. त्याला ती चिकटवायची पिशवी लावली तर?

बी-१०१ (लॅब): पिशवीतला रिपोर्ट निगेटिव्ह आला तर विश्वास ठेवा, पॉझिटिव्ह आला तर ठेवू नका. कातडीवरचे आणि शीचे जंतू त्यात हमखास उतरतात. रिपोर्टवर ‘मिक्स्ड ग्रोथ’ (एकाहून जास्त प्रकारचे जंतू) लिहिलं असेल तर तो नमुना बिघडलेला समजा. दूध पाजून झाल्यावर जागा धुवून डबी हातात धरून थांबा. गार पाण्यात भिजवलेल्या कापडाने ओटीपोटावर हलकं गोल-गोल चोळलं की काही बाळं लवकर शू करतात. नाहीच जमलं तर डॉक्टर बारीक नळीने नमुना घेतात.

सी-५०३ (बालरोगतज्ज्ञ): तान्ह्या बाळाला जळजळ सांगता येत नाही. त्यामुळे ताप १००.४ च्या वर, सर्दी-खोकला नाही, दूध नको, उलट्या, किरकिर असं दिसलं की लघवी तपासायचीच. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर ग्रुपवर विचारू नका, त्याच वेळी हॉस्पिटल गाठा.

डी-३०१: डॉक्टर, लघवीच्या रुटीन तपासणीत पस सेल्स (पू-पेशी) ८-१० आल्या म्हणजे इन्फेक्शन नक्की का?

सी-५०३ (बालरोगतज्ज्ञ): नाही. जागा लाल झालेली असली, दुसऱ्या कारणाने ताप असला तरी पस सेल्स वाढतात. बारीक जंतांमुळे रात्री खाजतं आणि सकाळी जळजळतं, तेही तपासा. नायट्राइट (जंतू लघवीत तयार करतात तो पदार्थ) निगेटिव्ह आलं म्हणूनही निर्धास्त होऊ नका. ते तयार व्हायला लघवी मूत्राशयात साधारण चार तास राहावी लागते, आणि बाळं तर सारखीच शू करतात. लक्षणं आहेत आणि मधल्या धारेच्या कल्चरमध्ये एकाच जंतूच्या दर मिलीत लाखभर वसाहती आहेत, तर निदान पक्कं. बहुतेक वेळा तो ई. कोलाय निघतो, म्हणजे शीतलाच.

सी-१०२ (काकू): धन्याचं पाणी, जवाचं पाणी दिलं तर उतार पडतो.

सी-५०३ (बालरोगतज्ज्ञ): द्या की काकू, पाणी पोटात जातंय ते चांगलंच. फक्त औषधाऐवजी नको.

बी-२०३ (मेडिकल): अल्कलायझर सिरपचंही (लघवीतलं आम्ल कमी करणारं) तेच. जळजळ कमी होते, जंतू मरत नाहीत. आणि पॅरासिटामॉल देताना बाटली वाचा. कुठे ५ मिलीत १२० मिग्रॅ, कुठे २५० असतं. १६ किलोच्या मुलाला एका वेळी १५ मिग्रॅ प्रतिकिलोने २४० मिग्रॅ लागतं, म्हणजे पहिल्या बाटलीतून १० मिली आणि दुसऱ्यातून जेमतेम ५. घरातल्या चमच्याने देऊ नका. दोन डोसांत सहा तासांचं अंतर ठेवा.

सी-५०३ (बालरोगतज्ज्ञ): ताप नसेल तर अँटिबायोटिक बहुधा ३ ते ५ दिवस, ताप असेल तर ७ ते १० दिवस. ठरलेले दिवस पूर्ण करा. ४८ तासांत ताप उतरला नाही किंवा औषध उलटून पडत असेल तर परत दाखवा.

आता खरी गोष्ट. संसर्ग औषधाने जातो, पण वारंवार येतो तेव्हा मागे बहुतेकदा दोन सवयी असतात: शू दाबून ठेवणं आणि बद्धकोष्ठ. मोठ्या आतड्याचं टोक शीने गच्च भरलं की ते मूत्राशयाला दाबतं. पूर्ण रिकामं होत नाही आणि साचलेल्या लघवीत जंतू वाढतात. ‘शी रोज होते’ एवढ्यावर समाधान मानू नका. बकरीच्या लेंड्यांसारखी, कडक होते का ते बघा. असेल तर शी मऊ करणारं औषध डॉक्टर बरेचदा महिनोन्‌महिने देतात. चार दिवसांत मोकळं झालं म्हणून बंद केलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. खेळता खेळता मुलगी मध्येच टाचेवर बसकण मारत असेल तर ती शू दाबतेय.

पाच वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण (५ + २) × ३० = २१० मिली मावते. म्हणून दर अडीच-तीन तासांनी, लागो न लागो, पाठवायचं. कमोडवर पाय लोंबकळले की खालचे स्नायू आवळतात, म्हणून पायाखाली पाट द्या आणि चड्डी गुडघ्याखाली सरकवा. भारतीय संडास असेल तर हा प्रश्नच नाही. शू झाल्यावर मिनिटभर थांबून पुन्हा एकदा करायला सांगा. धुताना हात पुढून मागे.

डी-७०२ (प्राथमिक शिक्षिका): मधल्या सुट्टीत रांग असते आणि डबाही खायचा असतो, म्हणून मुली जातच नाहीत. डायरीत लिहून द्या: ‘सुट्टीआधी पाच मिनिटं सोडावं’. पाण्याची बाटली भरलेलीच घरी येत असेल तर तेही कळवा.

ए-४०२: आमचा मुलगा आहे. कातडी मागे ओढून धुवायची ना?

सी-५०३ (बालरोगतज्ज्ञ): मुळीच नाही. या वयात ती चिकटलेलीच असते. ओढली की फाटते, व्रण होतो आणि पुढे खरंच अडचण होते. वरून पाणी, बस. आणि या वयात तापासह संसर्ग झाला तर सोनोग्राफी करून घ्यावी. त्यात दोष दिसला किंवा संसर्ग पुन्हा झाला, तर लघवी मूत्रपिंडाकडे उलटी चढते का ते एमसीयूने (मूत्राशयात नळीने औषध भरून शू करताना काढलेला एक्स-रे) पाहतात. ती तपासणी संसर्ग बरा झाल्यावरच होते.