काडीकीटकांचे गट पुस्तकागणिक वेगळे का?

पाणकणीस :
नमस्कार. कीटकांच्या छायाचित्रांची सूची लावायचं काम हाती घेतलंय. फुलपाखरं, भुंगेरे, चतुर झाले, पण काडीकीटकांपाशी गाडं अडलंय. माझ्याकडच्या जुन्या पुस्तकात या गणाचे दोनच मोठे भाग दिलेत, अ‍ॅरिओलेटी आणि अ‍ॅनॅरिओलेटी. नव्या याद्यांत ही नावं औषधालाही सापडत नाहीत. तिथे युफॅस्मॅटोडिया, ऑक्सिडोफॅस्माटा, ओरिओफॅस्माटा. काही उपकुलं तर एका कुलातून उठून दुसऱ्यात जाऊन बसलीत. शिवाय पानकीटक याच गणात आहेत, मग प्रार्थनाकीटक का नाही? दिसायला तोही काडीसारखाच की. कुणी नीट उलगडून सांगेल का? सूचीत नेमकं काय लिहू?

चतुर :
प्रार्थनाकीटकाचं मी सांगतो, बाकीचं टाकळा सांगतील. १७५८ साली जीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसनेही पानकीटकाला प्रार्थनाकीटकांच्याच रांगेत बसवलं होतं, त्यामुळे शंका अगदी रास्त आहे. पण प्रार्थनाकीटक हे झुरळ आणि वाळवी यांच्या गोतातले. त्यांचे पुढचे पाय भक्ष्य पकडायला काटेरी झालेले असतात. काडीकीटक पाला खाणारे. त्यांच्या पुढच्या पायांच्या मांड्या बुडाशी आत वळलेल्या असतात. पाय समोर ताणले की त्या बाकात डोकं चपखल बसतं आणि सलग काडी दिसते. त्यांचे सर्वांत जवळचे नातलग म्हणजे एम्बिऑप्टेरा, पुढच्या पायांतून रेशीम काढून बोगद्यासारखी घरं विणणारे छोटे कीटक.

टाकळा :
मी काडीकीटक पाळतो आणि त्यांची अंडी जपून ठेवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या पुस्तकातली ती दोन नावं नडगीच्या टोकाला असलेल्या एका इवल्या त्रिकोणी खळग्यावरून पडली. पाय उलटा करून भिंगाखाली धरा. नडगी संपून पाऊल सुरू होतं तिथे, खालच्या अंगाला, तो असतो किंवा नसतो. असेल तर अ‍ॅरिओलेटी, नसेल तर अ‍ॅनॅरिओलेटी. ब्रुनर फॉन वाटेनविल आणि रेडटेनबाखर या कीटकतज्ज्ञांनी १९०६ ते १९०८ दरम्यान जगभरच्या काडीकीटकांवर जो मोठा ग्रंथ काढला त्यात या खळग्याला मोठं वजन होतं. १९५३ मध्ये ग्युंटर या कीटकतज्ज्ञानेही तोच धागा धरला. संग्रहालयातल्या सुकलेल्या नमुन्यांत पाय शाबूत असेल तर हे लक्षण पटकन तपासता येतं. त्या काळी याहून भरवशाचं लक्षण हाताशी नव्हतं, आणि त्या माणसांच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण खळग्यावरून नातं ठरत नाही. स्यूडोफॅस्मॅटिडी हे कुल खळगा असलेलं, डायफेरोमेरिनी हा गट खळगा नसलेला. म्हणजे जुन्या मांडणीत दोघे गणाच्या दोन टोकांना. दोन्ही अमेरिका खंडांतले. २०१९ मध्ये बऱ्याच जनुकांची एकत्र तुलना झाली तेव्हा ते एकाच फांदीवर आले. त्या फांदीचं नाव ऑक्सिडोफॅस्माटा, म्हणजे नव्या जगातले. आशिया, आफ्रिका, युरोप, ऑस्ट्रेलिया इथले बहुतेक सगळे ओरिओफॅस्माटात. पानकीटकही त्यातच. उपकुल उठून गेल्याचं तुम्ही म्हणता ते याच कारणाने. आशियातलं नेक्रोसिनी हे उपकुल पूर्वी अमेरिकी डायफेरोमेरिनींसोबत एका कुलात होतं, आता ते लोंकोडिडी या कुलात आहे.

या दोन फांद्या फुटायच्या आधी आग्नेय आशियातलं अ‍ॅस्किफॅस्मॅटिडी हे कुल वेगळं झालं. त्याच्याही आधी, सगळ्यांत तळाशी, टिमेमा. उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेला राहणारे हे बुटके, बिनपंखी कीटक चक्क उडी मारतात. बाकी काडीकीटकांच्या पावलाला पाच खंड, यांना तीन. इतरांमध्ये उदराचा पहिला खंड वक्षाच्या शेवटच्या खंडाशी जोडला गेलेला असतो, यांच्यात मोकळा. म्हणून टिमेमा एका बाजूला आणि उरलेले सगळे युफॅस्मॅटोडिया. ही विभागणी मात्र पक्की आहे, बिनधास्त लिहा.

पाणकणीस :
आभार! हे कुठेच इतकं स्पष्ट वाचलं नव्हतं. पण मग दिसण्यावर काहीच भरवसा नाही का? माझ्याकडे जाड, काटेरी पायांच्या, बिनपंखी जमिनीवरच्या काडीकीटकांचे बरेच फोटो आहेत. ते सगळे मी एका फोल्डरमध्ये टाकलेत.

टाकळा :
ते फोल्डर आधी फोडा.

ज्यांना इंग्रजीत झाडावरचे शेवंडे म्हणतात, त्यांचा किस्सा नेमका हाच. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाउ बेटावरचा ड्रायोकोसेलस, न्यू गिनीचा युरिकँथा, न्यू कॅलेडोनियाचा कॅनाकस. तिघेही जाडजूड, चकचकीत, पंख नसलेले, दिवसा ढोलीत किंवा बिळात दडणारे. पाहणारा म्हणेल, एकाच आईची लेकरं. २००९ मध्ये डीएनए तपासला तेव्हा ड्रायोकोसेलस युरिकँथाच्या जवळपासही नव्हता. तो निघाला युरिक्नेमासारख्या लांबसडक ऑस्ट्रेलियन काडीकीटकांच्या कुटुंबातला. जमिनीलगत, पोकळीत राहायला लागलं की शरीर तसं घडतं, आणि ते वेगवेगळ्या बेटांवर स्वतंत्रपणे घडलं.

या प्राण्याबद्दल थोडं विषयांतर करतो, कारण वर्गीकरण कशासाठी करायचं ते इथे कळतं. १९१८ मध्ये मकांबो नावाच्या जहाजातून उंदीर लॉर्ड हाउवर उतरले आणि काही वर्षांत हा कीटक संपला असं सगळ्यांनी धरलं. २००१ मध्ये जवळच्याच बॉल्स पिरॅमिड या उभ्या खडकावर थोडे जिवंत सापडले. पण ते जरा वेगळे दिसत होते. जातच दुसरी असती तर त्यांना लॉर्ड हाउवर परत सोडायची योजनाच कोलमडली असती. २०१७ मध्ये संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांशी त्यांचा डीएनए ताडून पाहिला, तेव्हा जात एकच असल्याचं सिद्ध झालं.

आता भरवसा कशावर ठेवायचा? मी तरी अंड्यावर ठेवतो. काडीकीटकांच्या माद्या एकमेकींसारख्या दिसल्या तरी अंडी बहुधा दिसत नाहीत. प्रयोगशाळांमध्ये पाळला जाणारा कॅरॉशियस मोरोसस घ्या, मूळचा दक्षिण भारतातला, नराशिवायच पिढ्यान्‌पिढ्या वाढणारा. त्याचं अंडं दोनेक मिलिमीटरचं, तपकिरी, खरबरीत. एका टोकाला झाकण, झाकणावर पिवळसर बोंडूक. कुशीवर एक चट्टा असतो, त्यात शुक्राणू आत जायचं सूक्ष्म छिद्र. त्या चट्ट्याचा आकार, त्याची लांबी, झाकणाचा कल, बोंडूक आहे की नाही, या सगळ्यांवरून प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, ओळखायला फार मदत होते. अंडी घालायची रीतही पाहा. कुणी नुसती खाली टाकतात, कुणी मातीत खुपसतात, कुणी पानाला चिकटवतात. बोंडूक असलेली अंडी मुंग्या वाहून नेतात.

आणि अंड्यातून काय बाहेर येतं तेही पाहावं. नॅनोफिलियम ही पानकीटकांची प्रजाती १९०६ पासून फक्त नरांवरून माहीत होती, मादी कुणी पाहिलीच नव्हती. दुसरीकडे फिलियम प्रजातीतल्या काही जातींच्या फक्त माद्या माहीत होत्या. मॉन्ट्रियलच्या इन्सेक्टेरियम या कीटक-संग्रहालयात न्यू गिनीहून आलेली तशा एका जातीची अंडी उबली, पिल्लं वाढवली, आणि त्यातले नर निघाले थेट नॅनोफिलियम! २०२० मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि नवरा-बायको शंभराहून जास्त वर्षांनी एका प्रजातीत आले. इथे कोडं सुटलं ते पाला घालून पिल्लं वाढवल्यामुळे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

चतुर :
पंखांचंही सांगा ना. पंख असणं-नसणं गट पाडायला चालेल का?

टाकळा :
नाही. एकाच कुलात पंखवाले, तोकड्या पंखांचे आणि बिनपंखी असे सगळे सापडतात. २००३ मध्ये तर असा दावा झाला की या गणात पंख एकदा गेले आणि पुढे काही शाखांत परत आले. त्यावर वाद आहे. अनेकांचं म्हणणं, ते पुन्हा पुन्हा गेले एवढंच.

पाणकणीस, सूचीत असं करा. गण फॅस्मॅटोडिया. त्याखाली टिमेमा की युफॅस्मॅटोडिया. मग कुल, प्रजाती, जाती. कुलाशेजारी तुम्ही कोणत्या वर्षीची यादी पाळली ते लिहा, कारण कुलं अजूनही हलताहेत. काही प्रजातींपुढे नव्या याद्याच स्थान अनिश्चित असं म्हणतात. तिथे तुम्हीही तेच लिहा, ओढूनताणून कुल लावू नका. अ‍ॅरिओलेटी वगैरे गटाचं नाव म्हणून नको, पण नडगीचा खळगा फोटोत दिसत असेल तर नोंद जरूर ठेवा. आणि एखाद्या फोटोत अंडं असेल तर तो आधी इथे टाका.