घुसखोरीवरचा सर्व्हे: एका ‘होय/नाही’त नक्की काय मोजलं जातं?

पामबीचवासी (नेरुळ)

आपल्याकडच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक गूगल फॉर्म फिरतोय. प्रश्न एकच: ‘बेकायदा घुसखोरांना देशाबाहेर हाकलून द्यावे का? होय / नाही.’ येईल ती टक्केवारी निवेदनात घालून पोलिसांना द्यायची, असा बेत आहे. माझ्या मते हा आकडा निवेदनात जाता कामा नये. उद्या ९० टक्के ‘होय’ आले तरी लोकांना कोणावर, कशी कारवाई हवी आहे, याचा पत्ता लागणार नाही.

अमेरिकेतलं उदाहरण घ्या. प्यू रिसर्च सेंटर या सर्व्हे करणाऱ्या संस्थेने २०२५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विचारलं: बेकायदा राहणाऱ्या सगळ्यांना परत पाठवावं, काहींना, की कोणालाच नाही? उत्तर आलं ३२, ५१ आणि १६ टक्के. मग ‘काहींना’ म्हणणाऱ्यांना विचारलं, काहींना म्हणजे कोणाला? हिंसक गुन्हा केलेल्यांना पाठवा म्हणाले ९७ टक्के. अहिंसक गुन्हा केलेल्यांना, ५२. नोकरी करून राहणाऱ्यांना, १५. अमेरिकन नागरिकाशी लग्न झालेल्यांना, ५.

हे सगळ्या प्रौढांवर मांडून बघा. हिंसक गुन्हेगारांबाबत ८१ टक्के लोक हद्दपारीच्या बाजूने, आणि नोकरी करणाऱ्यांबाबत फक्त ४०. लोक तेच, दिवसही तेच. ‘होय/नाही’ला यातला कुठला आकडा पकडता येणार?

कासारवडवली

असहमत. साधा प्रश्न म्हणजे वाईट प्रश्न, हे मला पटत नाही.

न्यूयॉर्क टाइम्स आणि इप्सॉसने जानेवारी २०२५ मध्ये सरळच विचारलं होतं आणि सगळ्यांना परत पाठवण्याच्या बाजूने ५५ टक्के निघाले. नमुना नीट निवडलेला होता, त्यामुळे तो आकडाही खराच. कायदाही ‘नोकरी आहे का, लग्न झालंय का’ असं आधी विचारत नाही. व्हिसा आणि पासपोर्ट नसेल तर राहण्याचा हक्क नाही, एवढं तो सांगतो.

आणि तुम्ही जे तपशील घालताय ते सगळे एकाच बाजूला झुकलेले आहेत. अमेरिकेतल्याच मार्केट (Marquette) विद्यापीठाच्या लॉ स्कूलच्या सर्व्हेत निम्म्यांना साधा प्रश्न दिला. उरलेल्या निम्म्यांना त्याच प्रश्नात ‘अनेक वर्षं इथे राहत असले, नोकरी असली, गुन्हा नसला तरी’ एवढं जोडून दिलं. पाठिंबा विसेक टक्क्यांनी घसरला. तुम्ही म्हणाल, बघा, लोकांचं खरं मत बाहेर आलं. मी म्हणतो, प्रश्नातच वकिली घुसली. मग ‘खोटं आधार कार्ड काढून राहत असले तर’ हेही जोडा आणि आकडा कुठे जातो ते बघा. तपशील घालायचे तर दोन्ही बाजूंचे घाला, नाहीतर एकही नको.

घणसोली नोड

दोघेही प्रश्नाच्या शब्दांत अडकलात. हा फॉर्म मुळात नमुन्यावरच आपटतो. लिंक ज्याच्या हाती पडली आणि ज्याला राग आहे, तोच भरणार. एकच माणूस दोन ईमेलवरून दोनदा भरणार. तीन हजार उत्तरं आली तरी ही खोट जात नाही, कारण संख्या वाढवून झुकाव कमी होत नसतो.

घरोघर जायचं तर मतदारयादी घ्यायची असं बहुतेकांना वाटतं. आमच्याकडे ती चालत नाही. घणसोली, कोपरखैरणेच्या माथाडी वसाहतींत असंख्य कुटुंबं सातारा, सांगलीकडची, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचं मत अजून गावच्या यादीत. भाडेकरूंचं तेच. बाराशे मतदारांच्या बूथमधून दर ८० वं नाव उचललं तर १५ नावं मिळतील, पण दार वाजवल्यावर त्यातली कितीतरी माणसं तिथे राहतच नसतील, आणि जी राहतात ती यादीत नसतील.

त्याऐवजी आधी घरांची यादी करा. बेलापूर, नेरुळ, वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली आणि दिघा हे नवी मुंबई महापालिकेचे आठ विभाग. प्रत्येकातून पाच ठिकाणं घ्या, त्यांत सेक्टरच्या इमारती, गावठाण आणि झोपडपट्टी तिन्ही आली पाहिजेत. एका ठिकाणी १५ घरं, म्हणजे एकूण ६००. घरात दार उघडणाऱ्याला विचारायचं नाही. १८ वर्षांवरच्या सगळ्यांची नावं वयाच्या क्रमाने लिहून चिठ्ठीने एक निवडायचं. तो माणूस रबाळेच्या कंपनीत पाळीवर असेल तर रात्री आठनंतर किंवा रविवारी पुन्हा जायचं, निदान तीनदा. हे टाळलं की नमुन्यात दुपारी घरी असणाऱ्या बायका आणि निवृत्त मंडळीच उरतात. गेटवरून परत पाठवणाऱ्या सोसायट्यांसाठी सेक्रेटरीचं पत्र आधी घेऊन ठेवा.

६०० ची त्रुटी कागदावर ±४ टक्के दिसते, म्हणजे खरा आकडा साधारण चार टक्के वर-खाली असू शकतो. पण एकाच गल्लीतली माणसं एकसारखा विचार करतात, म्हणून खरी ताकद ४०० एवढीच धरा, म्हणजे ±५. विभागवार टक्केवारी तर काढूच नका. एका विभागात ७५ माणसं, तिथे त्रुटी ±११ च्या वर जाते.

जुनं ठाणे

तुमचं गणित बरोबर असेल, पण माझा आक्षेप त्याच्या अलीकडचा आहे. हा सर्व्हे होऊच नये.

कोण भारतीय आणि कोण नाही, हे बहुमताने ठरत नाही. परदेशी नागरिकांच्या कायद्यात आपण भारतीय आहोत हे सिद्ध करण्याचं ओझं ज्याच्यावर संशय आहे त्याच्यावरच असतं. १९४६ चा कायदा तसाच होता आणि २०२५ च्या नव्या कायद्यातही तेच आहे. अशा वेळी शेजाऱ्याचा संशय फार जड पडतो. जून २०२५ मध्ये मीरा रोडसह मुंबई परिसरातून पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर सीमेपलीकडे ढकलले गेले. ते भारतीय असल्याचं स्पष्ट झाल्यावर त्यांना परत आणावं लागलं. मुर्शिदाबादचा गवंडी आणि सीमेपलीकडचा गवंडी यांची बोली ऐकून फरक सांगता येईल, असं छातीठोकपणे म्हणणारा एकजण तरी दाखवा.

आणि ‘तुमच्या परिसरात घुसखोर आहेत का?’ हा प्रश्न तर अजिबात नको. उत्तर देणारा कागदपत्रं बघून नाही, भाषा ऐकून सांगणार आहे.

पामबीचवासी

‘परिसरात आहेत का’ हा प्रश्न कोणी घालत असेल तर तो काढलाच पाहिजे, मान्य. पण सर्व्हेच नको म्हटलं तर व्हॉट्सॲपवरचा आकडाच लोकमत म्हणून मिरवला जाईल. तो खोडायला दुसरं काहीतरी हातात हवं.

शिवाय एकदा मोजून भागत नाही. अमेरिकेतल्या गॅलप या सर्व्हे संस्थेने ‘सगळ्यांना हद्दपार करावं का’ हे २०२४ मध्ये विचारलं तेव्हा ४७ टक्के बाजूने होते, २०२५ मध्ये ३८. स्थलांतर कमी व्हावं म्हणणारे त्याच काळात ५५ वरून ३० वर आले. मधल्या काळात प्रत्यक्ष कारवाई लोकांना दिसली. आपल्याकडेही ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ भारतीय बेड्या घालून अमृतसरला आणले गेले, त्यातले तिघे महाराष्ट्राचे. त्या आठवड्यात विचारलं असतं तर इथलीही उत्तरं वेगळी आली असती. म्हणून तारीख आकड्याला चिकटवूनच छापायची आणि सहा महिन्यांनी तेच शब्द पुन्हा विचारायचे.

कासारवडवली, तुम्ही सांगितलेल्या लॉ स्कूलसारखे दोन फॉर्म करू. निम्म्यांना तुमचा साधा प्रश्न, निम्म्यांना तपशिलाचा, आणि निवेदनात दोन्ही आकडे.

ऐरोली सेक्टर ८

आणखी एक सुचवतो. समोरचा प्रश्नकर्ता ओळखीचा कार्यकर्ता असेल तर लोक त्याला आवडेल तेच बोलतात. निम्म्यांना चार विधानं द्या, निम्म्यांना तीच चार आणि एक हद्दपारीचं. कुठली पटली ते सांगायचं नाही, किती पटली एवढाच आकडा. सरासरी १.९ आणि २.४ आली तर फरक ०.५, म्हणजे ५० टक्के बाजूने.

घणसोली नोड

पद्धत चांगली आहे, पण ६०० माणसांत जमणार नाही. ३००-३०० मध्ये त्या फरकाची त्रुटी ±१५ च्या आसपास जाते. त्यापेक्षा प्रश्नकर्ते बाहेरच्या विभागातले घ्या, गळ्यात पक्षाचं काही नको, आणि उत्तराची खूण माणसाला स्वतः करू द्या, कागद घडी घालून डब्यात.

दोन फॉर्मचंही लक्षात ठेवा. एका ठिकाणची माणसं एकसारखा विचार करतात हे धरलं तर दोन निम्म्यांतला फरक १० टक्क्यांच्या आत आल्यास ‘शब्दांमुळे मत बदललं’ असं लिहायचं नाही. वीसचा आला तर खुशाल लिहा.

कासारवडवली

दोन फॉर्म मान्य. अटी दोन. तपशिलाच्या फॉर्ममध्ये ‘नोकरी आहे, गुन्हा नाही’ आणि ‘खोटी कागदपत्रं केली आहेत’ असे वेगवेगळे प्रश्न हवेत, आणि त्यांचा क्रम दर फॉर्मला उलटसुलट. दुसरं, ‘सांगता येत नाही’ हा पर्याय छापा, पण वाचून दाखवू नका.

‘घुसखोर’ शब्द मात्र माझ्या फॉर्ममध्ये राहील. लोक बोलतात तोच शब्द आहे.

जुनं ठाणे

तिथेच माझा विरोध कायम आहे. ‘वैध कागदपत्रांशिवाय राहणारे परदेशी नागरिक’ असं लिहा. लांब आहे, पण त्यात बंगाली बोलणारा भारतीय सापडत नाही. ‘घुसखोर’मध्ये सापडतो.