गाझिआंतेपला गाईडसोबत खाद्यटूर घ्यावी का? सोबत शाकाहारी आई आहे

भटकी_मैना

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरात तुर्कस्तानला निघालोय, मी, नवरा आणि माझी आई. आई ६८ वर्षांची, चालायला खुटखुटीत, पण शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही, दूध-तूप-दही सगळं चालतं. इस्तंबूल आणि कापादोकिया तर आहेच पण मला मनापासून जायचंय ते गाझिआंतेपला, कारण बकलाव्याचं गाव म्हणून इतकं ऐकलंय की ते न बघता परत यायचं म्हणजे चुटपुट लागून राहील. तिथे अडीच दिवस ठेवलेत. आता प्रश्न असा की गाईडबरोबर चालत चालत खायची आणि जुना बाजार, हान म्हणजे जुन्या सराया, मशिदी बघायची जी टूर असते ती घ्यावी की आपलं आपण फिरावं? नवरा म्हणतो सगळं नेटवर आहे, पैसे कशाला घालवायचे. आणि दुसरं, सगळे म्हणतात ते कबाबचं गाव आहे, आई तिथे काय खाणार? तिने नुसतं आमच्या तोंडाकडे बघत बसावं असं मला अजिबात नकोय.

तांबडा_रस्सा

गालिचे विणायच्या मशीनच्या कामासाठी मी तिथे पाच महिने राहिलोय (ते शहर मशीनच्या गालिच्यांसाठी जगभर माहीत आहे) त्यामुळे जरा लांबलचक लिहितो.

टूर घ्या, पण पहिल्याच दिवशी आणि सकाळची. कारण आंतेपचं (गाझिआंतेपला थोडक्यात असंच म्हणतात) खाणं घड्याळावर चालतं. बेयरान म्हणजे मटणाचा रस्सा, भात, लसूण, तिखट घालून तांब्याच्या वाडग्यात मोठ्या जाळावर खळखळ उकळवतात आणि उस्ता म्हणजे तिथला कारागीर तो लालबुंद वाडगा पकडीने धरून समोर आणून ठेवतो, हा त्यांचा नाश्ता, दुपारी गेलात तर त्यातली मजा गेली. कातमेर या गोड पदार्थाचंही तसंच, तो सकाळीच खायचा. माहितगार माणूस बरोबर असला की काय कुठल्या वेळी आणि किती खायचं हे तो सांभाळतो, नाहीतर पहिल्याच दुकानात पोट भरून माणूस गप्प बसतो.

कातमेर आईंना नक्की दाखवा, नुसता खायला नाही, करताना. मी रोज कामावर जायच्या आधी थांबून बघायचो. उस्ता पिठाचा गोळा तूप लावलेल्या संगमरवरी ओट्यावर हाताने थापतो, मग कडेला धरून हवेत झटकतो आणि परत आपटतो, फट् असा आवाज येतो, दर झटक्याला तो पापुद्रा वाढत जातो, शेवटी इतका पातळ होतो की खालच्या दगडाच्या रेघा दिसतात. मग त्यावर कायमाक म्हणजे घट्ट सायीचे तुकडे, साखर आणि मूठ मूठ हिरवागार पिस्ता, चारी बाजूंनी घडी आणि भट्टीत. मांस नाही, अंडंही सहसा नसतं, तरी विचारून घ्या. लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी नव्या जोडप्याला कातमेर पाठवायची तिथे रीत आहे.

बकलाव्याच्या पिठात मात्र बहुधा अंडं घालतात, म्हणून आईंसाठी बिनअंड्याचा मिळतो का ते आधी विचारा. बकलावा साजूक तुपातलाच असतो, मेंढी-शेळीच्या दुधाचं तूप, वास आपल्या तुपाहून जरा उग्र. पिस्ता पूर्ण पिकायच्या आधी तोडलेला असतो म्हणून तो हिरवा रंग आणि ती चव. २०१३ मध्ये आंतेपच्या बकलाव्याला युरोपियन युनियनचं भौगोलिक मानांकन मिळालं, आणि २०१५ मध्ये युनेस्कोने खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून गावाचं नाव यादीत घातलं. एक सांगतो, तुकडा उलटा करून खायचा, पाकातली खालची बाजू टाळ्याला लागली पाहिजे. तिथल्या लोकांनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं.

सुगरण_सखी

मैना, आमच्या सासूबाईही शाकाहारी, त्यामुळे तुझी काळजी अगदी कळते गं. उपाशी राहायची वेळ येत नाही, पण विचारावं लागतं. आणि गंमत म्हणजे त्रास कबाबचा नसतोच, तो दिसतो ना! त्रास असतो साध्या दिसणाऱ्या पदार्थांचा. नोहुत दुरुम म्हणजे उकडलेले छोले पोळीत गुंडाळून देतात, बघून वाटतं अरे हे तर आपलंच, पण ते छोले बऱ्याचदा हाडांच्या पाण्यात शिजवलेले असतात. सूप आणि पिलावाचंही तेच. म्हणून नुसतं 'एत्सिझ' म्हणजे बिनमांसाचं म्हणून भागत नाही, 'एत सुयु वार म' म्हणजे मांसाचं पाणी आहे का हेही विचारायचं, आणि कोंबडीला ते वेगळं 'तावूक' म्हणतात, ते वेगळं सांगायचं. हे गाईडकडून आदल्या दिवशीच फोनवर ठरवून घे. माझ्या मते गाईडचे पैसे इथेच वसूल होतात.

आईंसाठी: मसुराचे मेरजिमेक कोफ्ते, अक्रोड आणि लाल मिरचीची मुहम्मरा, बिनमांसाचे चिग कोफ्ते (दलियाचे, तिखट, पानात गुंडाळून लिंबू पिळून खायचे, सासूबाईंनी तीन वेळा घेतले), आणि भाजलेल्या वांग्यात दही घातलेलं अली नाझिक, त्याच्यावरचं मांस घालू नका म्हणून आधी सांगायचं. फिरीक पिलाव मिळाला, मांसाचं पाणी न घालता केलेला, तर सोडू नका, कोवळा हिरवा गहू शेतातच जाळावर भाजून घेतात, पहिल्या घासाला आम्हाला हुरड्याचाच वास आला, सासूबाई एकदम गप्पच झाल्या, मग म्हणाल्या, हे लोक आपलेच की.

आता आमची चूक सांगते म्हणजे तुमची होणार नाही. आम्ही स्वस्त म्हणून हॉटेलच्या दारात भेटलेल्या एका माणसाबरोबर गेलो. त्याने सुक्या मेव्याच्या एकाच दुकानात तासभर बसवलं, जमिनीखालचे पाण्याचे हौद बघायचे राहिले ते राहिलेच. तुर्कस्तानात गाईडला सरकारी परवाना लागतो, गळ्यात ओळखपत्र असतं त्याला कोकार्त म्हणतात. बुक करतानाच त्याबद्दल विचार.

जुनी_वीट

खाण्याचं वर आलंय, मी वारशाचं लिहितो, कारण बरेच जण आंतेपला जाऊन नुसते जेवून येतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

सुगरण_सखी म्हणतात ते हौद म्हणजे कास्तेल. गावाखाली खडक खोदून पाण्याचे बोगदे केलेत, त्यांना लिवास म्हणतात, आणि पायऱ्या उतरून त्या पाण्यापाशी जायची जागा म्हणजे कास्तेल, तिथे अंघोळ, धुणं, नमाज सगळं व्हायचं. पिशिरिजी कास्तेल १३व्या शतकातला आहे. भर उन्हातून खाली उतरलात की अंगाला गारवा लागतो आणि आपल्याकडच्या बारवांची आठवण येते. वरून चालताना यातलं काही कळत नाही.

झेउग्मा मोझेक म्युझियमला मात्र टूरच्या घाईत जाऊ नका, स्वतंत्र अर्धा दिवस ठेवा. झेउग्मा हे युफ्रेटिसकाठचं जुनं शहर, अलेक्झांडरच्या सेनापतीने, सेल्युकसने, वसवलेलं, पुढे रोमनांचं झालं. २००० साली बिरेजिक धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा घाईघाईने खोदून घरांच्या फरशा वाचवल्या, त्याच इथे मांडल्यात, २०११ पासून. एका अंधाऱ्या खोलीत 'जिप्सी मुलगी' आहे, चेहऱ्याचा वरचा भागच उरलाय, केस विस्कटलेले, आणि डोळे असे की तुम्ही कुठेही उभे राहा ती तुमच्याकडेच बघते. त्या फरशीचे चोरीला गेलेले बारा तुकडे अमेरिकेतल्या एका विद्यापीठात होते, ते २०१८ मध्ये परत आले. आईंना ही गोष्ट आधी सांगा आणि मग आत न्या.

बाजारात तांबट आळी आहे, बाकर्जलार चार्शस, हातोड्यांचा ठोका लांबूनच ऐकू येतो. तिथे आणि आसपास येमेनी म्हणजे हाताने शिवलेले चामडी जोडे, शिंपल्याचं जडावकाम, आणि कुतनू नावाचं रेशीम-सुताचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड मिळतं, आपल्या मशरूची आठवण देणारं. एल्माजी बाजारात पोखरून वाळवलेल्या वांग्यांच्या आणि मिरच्यांच्या माळा टांगलेल्या असतात, हात लावला की वाळक्या पानांसारख्या वाजतात. फिरून दमलात की ताहमिस नावाचं १७व्या शतकातलं कॉफीघर आहे, मेव्हलेवी या सुफी पंथाच्या दर्वेशांच्या मठाला उत्पन्न मिळावं म्हणून बांधलेलं, तिथे रानपिस्त्याची मेनेंगिच कॉफी घ्या, दुधातली असते आणि तिच्यात कॅफिन नसतं, आईंना रात्री झोपही लागेल.

आणि एक. ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात या गावाने फार सोसलंय. किल्ल्याचा तट ढासळला. कुर्तुलुश मशीद, जी १८९२ मध्ये आर्मेनियन चर्च म्हणून बांधली गेली होती, तिचा घुमट आणि मिनार पडले. गाईडला याबद्दल विचारा, आणि गावात पूर्वी आर्मेनियन लोकांची मोठी वस्ती होती त्याबद्दलही विचारा. गावाच्या नावातलं 'गाझी' हे १९२१ मध्ये फ्रेंचांविरुद्धच्या लढ्याबद्दल अंकाराच्या संसदेने दिलं, त्याआधी ते नुसतं आयंताप होतं आणि गावकरी अजूनही नुसतं आंतेप म्हणतात.

भटकी_मैना

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, नवऱ्याला वाचून दाखवलं, तो आता स्वतःच परवानाधारक गाईड शोधतोय. ठरलं ते असं: पहिली सकाळ टूर, कातमेर आणि कास्तेलसकट, दुसरा दिवस म्युझियम आणि बाजार आपले आपण. उरलेल्या अर्ध्या दिवसात युफ्रेटिसकाठचं हालफेती गाव होईल का? आणि बकलावा घरी आणायचा तर टिकतो का?

तांबडा_रस्सा

हालफेती साधारण शंभर किमी, पहाटे गाडी ठरवून निघालात तर जमेल. त्याच धरणाच्या पाण्यात गावाचा बराच भाग गेलाय, बोटीतून रुमकालेचा किल्ला आणि पाण्यातून वर आलेला मशिदीचा मिनार दिसतो. त्या दिवशी रात्रीचं विमान असेल तरच करा, धावपळ नको.

बकलावा निघायच्या दिवशी घ्या, लांब न्यायचाय असं सांगितलं की ते तसा बांधून देतात. सायीचा घेऊ नका, नुसता पिस्त्याचा घ्या. घरी आल्यावर फ्रीजमध्ये ठेवू नका, तूप थिजतं आणि पदर मऊ पडतात. बाहेरच झाकून ठेवा आणि आठवडाभरात संपवा.